गुलाबभाईंनी शिवलेली गिटार

गुलाबभाई समोरच्या माणसाचं तोंड नंतर बघतात. आधी काख बघतात.

मी पहिल्यांदा त्यांच्या दुकानात गेले तेव्हा मला हे ठाऊक नव्हतं. शाळेतून निवृत्त होऊन आठवडा झाला होता. पिशवीत चार ब्लाऊजपीस, प्रत्येकाला टाचलेली चिठ्ठी, चिठ्ठीवर तारीख. मी नाव सांगायला तोंड उघडलं, तर ते माझ्या उजव्या दंडाखाली कुठेतरी बघत म्हणाले, "फळ्यावर लय लिवलंय तुमी. उजव्या काखंत जरा सुटं ठेवतो. डाव्या बाजूला गरज न्हाई."

बत्तीस वर्षं मी मुलींना इंग्रजी शिकवलं. एवढ्या वर्षांत माझा उजवा हात डाव्यापेक्षा जास्त वर जातो, हे मलाही कळलं नव्हतं. मला आधी राग आला. मग तो ब्लाऊज अंगात घातला आणि राग गेला. तेव्हापासून त्यांच्याबद्दल मला जे वाटतं त्याला आदर हा शब्द अपुरा आहे. थोडी भीतीच वाटते म्हणा ना.

ईशान आणि रेवा, हे सगळं मी तुम्हाला का लिहिते आहे, ते सांगते. मागच्या रविवारी फोनवर ईशान म्हणाला, त्याला गिटार घ्यायची आहे. कुठली, असं मी विचारलं, तर म्हणाला, "आजी, तुला नाही कळणार. तिला स्ट्रॅटोकास्टर म्हणतात." मी म्हटलं, "कळतं की." तेवढ्यात फोन कट झाला. तुम्ही दोघं हसला असणार. तर आता नीट वाचा. स्ट्रॅटोकास्टर मला कळते. सांगलीच्या एका लेडीज टेलरनं शिकवली.

गुलाबभाईंचं दुकान आमच्या गल्लीच्या तोंडाशी आहे. एका बाजूला पिठाची गिरणी, दुसऱ्या बाजूला शेतातल्या पंपांच्या जळलेल्या मोटारींना नवी तार भरून देणारा. मधे दहा बाय आठची खोली आणि तिच्यात दोन मशीन. उंची बेताची, पांढरी दाढी, गळ्यात टेप. तो टेप ते जेवतानाही काढत नाहीत, असं त्यांच्या घरून कळतं. त्यांची दोन वाक्यं अख्ख्या गल्लीला पाठ आहेत. पहिलं, "काखंत बगा." दुसरं, "अंग चोरू नका."

पहिलं वाक्य ते कशालाही लावतात. निवडणुकीत चौकात एका उमेदवाराचा मोठा फलक लागला होता, हात जोडलेला. गुलाबभाई त्याच्याखाली थांबले, मान वाकडी करून बघितलं आणि म्हणाले, "काखंत ओढलंय. ह्यो मानूस फार दिवस हात जोडून ऱ्हात न्हाई." शेजारच्या मुलीला बघायला पाहुणे आले, तेव्हा यांना मुद्दाम बोलावलं होतं. चहा पिऊन बाहेर आल्यावर मुलीच्या वडिलांना म्हणाले, "पोरगा चांगला हाय. शर्ट सोता धुतोय. काखंत बगा, घासलंय नीट." लग्न झालं. मुलगी सुखात आहे.

दुसरं वाक्य गिऱ्हाइकासाठी. माप द्यायला उभं राहिलं की माणूस आपोआप लहान होतो. बायका पोट आत घेतात, पुरुष खांदे आवळतात. गुलाबभाई टेप खाली सोडतात आणि सांगतात, "अंग चोरू नका. खोटं माप देऊ नका. श्वास घ्या, सोडा, घरात उभं ऱ्हाता तसं उभं ऱ्हावा." मग खिडकीतून बाहेर बघत थांबतात. कितीही वेळ. त्यांना ज्या क्षणी वाटतं की हा माणूस आता स्वतःसारखा उभा आहे, त्या क्षणी टेप फिरतो. मी एकदा त्यांना विचारलं, हे कुणी शिकवलं? ते म्हणाले, "एका कोटानं." आणि पुढचं कापड ओढलं.

आणखी एक सांगायला हवं. गुलाबभाईंना सूर अजिबात कळत नाही. थोडासुद्धा नाही. राष्ट्रगीत त्यांना लोक उभे राहिले की ओळखू येतं. दुकानात रेडिओ नाही. शेजारच्या गिरणीचा आवाज आणि मिरवणुकीतला बँड यांत त्यांच्या मते फरक एवढाच की गिरणी रोज असते.

असा हा माणूस एका गुरुवारी दुपारी चार वाजता माझ्या दारात उभा राहिला. हातात इंग्रजी छापील कागदांचा गठ्ठा, कापडाच्या पट्टीनं बांधलेला.

"बाई, तुमी इंग्रजीवाल्या. एवढं वाचून सांगा."

मला वाटलं परदेशी कपड्यांच्या फॅशनचे कागद असतील. गाठ सोडली, तर पहिल्याच पानावर गिटार. माझा चष्मा कपाळावर गेला.

"गुलाबभाई, हे वाद्य आहे."

"न्हाई बाई. लोकं वाजवत्यात तिला, ती गोष्ट निराळी. पन ही शिवलेली हाय. वाचा तुमी."

दर गुरुवारी चार ते पाच, त्यांच्या दुकानात, असं आमचं ठरलं. मी एक वही केली, डावीकडे समास सोडून. त्या वहीतूनच आता तुम्हाला सांगते आहे.

साधारण सत्तर वर्षांपूर्वी, चोपन्न साली, अमेरिकेत कॅलिफोर्नियात ही गिटार पहिल्यांदा बाजारात आली. ती ज्यांनी घडवली ते गृहस्थ मुळात रेडिओ दुरुस्त करायचे. त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. हे वाक्य मी वाचून दाखवलं, तेव्हा गुलाबभाईंनी हातातली कात्री खाली ठेवली.

"परत वाचा."

मी परत वाचलं.

"येत नव्हती मंजी अजिबात न्हाई?"

"अजिबात नाही, असंच लिहिलंय."

गुलाबभाईंनी त्या ओळीवर बोट फिरवलं. त्यांच्या चेहऱ्यावर मी असा भाव शाळेत एकदाच पाहिला होता. नापास होणार म्हणून रडत बसलेल्या मुलीला पास झाल्याची गुणपत्रिका मिळाली, तेव्हा.

त्या गृहस्थांनी आधी एक गिटार काढली होती, ती म्हणजे सपाट फळी. वाजवणारे येऊन तक्रार करायचे, की हिची कड बरगड्यांना टोचते. ती तक्रार त्यांनी ऐकून घेतली. नव्या गिटारीचं अंग मागून पोटाशी कोरलं आणि पुढून, जिथे उजवा कोपर टेकतो, तिथे उतरतं केलं. ईशान, तू तिचं चित्र बघतोस तेव्हा तुला दोन शिंगं दिसतात. सगळ्यांना शिंगंच दिसतात. गुलाबभाईंनी त्या चित्रावर खडूचं बोट ठेवलं आणि म्हणाले, "ही शिंगं न्हाईत बाई. ह्या काखा हायत. हात वरच्या सुरापोतर जावा म्हणून दोनी बाजूंनी काख कापलीय. काखंत बगा म्हणून मी सांगतो, ते उगं न्हाई."

मग त्यांची गाडी सुटलीच. दांडी अंगाला चार स्क्रूंनी जोडलेली असते, चिकटवलेली नसते. "बाही हाय ती. खराब झाली तर काढून दुसरी लावायची." वायर खोचायचं भोक पुढच्या बाजूला तिरक्या खोबणीत असतं. "तिरका खिसा. हात सरळ जातोय." सहाही खुंट्या माथ्याच्या एकाच बाजूला, म्हणजे तारा वाकड्या न होता सरळ जातात. "सुताला धरून काम." मागे तारांचा ताण झेलायला स्प्रिंगा, पुढे एक दांडा. तो दाबला की सगळे सूर एकदम खाली वाकतात आणि सोडला की परत जागेवर येतात. इथे गुलाबभाई हळूच म्हणाले, "इलॅस्टिक."

पुढे कारखाना विकला गेला आणि नव्या मालकांच्या काळात गिटारीचा माथा मोठा झाला, असं मी वाचलं. ते म्हणाले, "मालक बदलला की व्हतंयच."

पण मला स्वतःला सगळ्यात आवडलं ते बटण. या गिटारीत तारांखाली तीन ठिकाणी चुंबकं बसवलेली असतात, प्रत्येकाचा आवाज निराळा. कुठलं चालू करायचं त्यासाठी एक बटण, त्याच्या तीन जागा. वाजवणाऱ्यांना असं सापडलं की बटण दोन जागांच्या अधेमधे अडकवून ठेवलं, तर असा एक आवाज येतो जो बनवणाऱ्याच्या मनातच नव्हता. मग लोक बटण मुद्दाम मधेच अडकवू लागले. कंपनीनं पाच जागांचं बटण द्यायला वीस वर्षांहून जास्त काळ लावला. मी बत्तीस वर्षं मुलींना उत्तराच्या ठरलेल्या जागा शिकवल्या. मधली जागा कुणी शोधली, तर मी तिचे गुण कापले असते.

"पण तुम्हाला हे सगळं कशासाठी?" मी शेवटी विचारलं. तेव्हा त्यांनी दिलावरभाईंची गोष्ट सांगितली.

दिलावरभाई म्हणजे गुलाबभाईंचे थोरले भाऊ. साताऱ्याला असतात. तरुणपणी ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचे. एका उन्हाळ्यात महाबळेश्वरच्या एका हॉटेलात त्यांचा कार्यक्रम होता, वायरी उचलायला गुलाबभाई बरोबर. तेव्हा ते अठराचे. दुपारी हिरवळीवर तालीम चालली होती. हॉटेलात उतरलेला एक दाढीवाला परदेशी पाहुणा ती ऐकत उभा होता. तो खोलीत गेला, स्वतःची गिटार घेऊन आला आणि घटकाभर वाजवायला दिलावरभाईंच्या गळ्यात अडकवली.

"तीच ही, बाई. दादानं काय वाजवलं ते मला इचारू नका. मी मागं उभा हुतो. मला एवढंच दिसलं की ती दादाच्या अंगावर बसली. कुठं टोचंना, कुठं लोंबंना. दादा हसला. मला वाटलं, लाकूड असं बसतंय मानसाच्या अंगावर, तर कापड का न्हाई बसायचं?"

त्याच वर्षी त्यांनी आयुष्यातलं पहिलं स्वतंत्र काम केलं. दादासाठी कोट शिवला. मोरपंखी रंगाचा, चमकणारा. सांगलीत गणपतीचा कार्यक्रम होता, चौक भरलेला. दिलावरभाईंनी सुरुवात करायला हात वर उचलला आणि कोट काखेपासून पाठीपर्यंत फाटला. चौक हसला. दिलावरभाई मागे वळून भावाला म्हणाले, "तेरेकू मापच लेना नै आता!" माईक चालू होता. सगळ्या चौकानं ऐकलं.

भांडण वगैरे झालं नाही. ईदेला जाणंयेणं, लग्नकार्य, फोन, सगळं चालू. पण त्या दिवसापासून दिलावरभाईंनी भावाला अंगाला टेप लावू दिला नाही. रेडीमेड घालतात. शिंप्याचा थोरला भाऊ रेडीमेड शर्ट घालून ईदेला येतो आणि तो शर्ट काखेत ओढत असतो. गुलाबभाई समोर बसून शीरखुर्मा खातात आणि बघतात. हे इतकी वर्षं.

दीड वर्षापूर्वी दिलावरभाईंचं हृदयाचं ऑपरेशन झालं. छाती उघडून. तब्येत सुधारली, पण त्यांची जुनी गिटार म्हणजे जड, सपाट फळी. तिची वरची कड बरोबर टाक्यांवर यायची. दोनदा घेतली, दोनदा ठेवली. तिसऱ्यांदा घेतलीच नाही. शहनाजभाभी फोनवर गुलाबभाईंना म्हणाल्या, "घरात मानूस हाय, पन घरात कुनी न्हाई असं वाटतंय."

"म्हणून मी त्याला ती शिवून देनार हाय," गुलाबभाई म्हणाले. "घालंल तर घालंल."

मग आमच्या गल्लीनं जे पाहिलं ते मी कधी विसरणार नाही. मिरजेला सतारी करणाऱ्या एका ओळखीच्या कारागिराकडून त्यांनी तुणाच्या लाकडाचा हलका ठोकळा आणला. दांडी तयार मागवली, "बाही ईकत मिळत आसंल तर कशाला शिवा." चुंबकांवर केसासारखी बारीक तांब्याची तार गुंडाळायची असते, हजारो वेढे. त्या चुंबकाच्या साच्याला इंग्रजीत बॉबिन म्हणतात, हे मी वाचून दाखवलं मात्र, गुलाबभाई उठून मशीनपाशीच गेले. मशीनवर बॉबिनला दोरा भरायच्या चाकावर त्यांनी तार गुंडाळली. तार शेजारच्या मोटारवाल्यानं मागवून दिली आणि तीन दिवस स्वतःचं दुकान सोडून वेढे मोजत बसला. अठ्ठावीस वेळा तार तुटली. तेवढे दिवस गल्लीतले ब्लाऊज थांबले. एक नवरी रडत आली, तर तिला म्हणाले, "बाळ, तुजं लगीन पुढच्या महिन्यात हाय. ह्याची तार आज तुटतीया."

रंग इस्लामपूरला, ट्रॅक्टर रंगवणाऱ्या गॅरेजात. मी नाक मुरडलं. तेव्हा त्यांनी माझ्याच वहीतलं पान उघडून दाखवलं. मूळ कारखान्यातही खास रंग मागितला, तर मोटारींचाच रंग लावायचे. "तुमीच वाचलंय, बाई." गॅरेजवाला म्हणाला असल्या रंगाचा ट्रॅक्टर नसतो. गुलाबभाईंनी खिशातून कापडाचा एक तुकडा काढून त्याला दिला आणि सांगितलं, ह्याला जुळवा.

आता राहिलं माप, आणि इथे माझी चूक येते.

शिंप्याकडे माणूस येऊ शकत नसेल, तर मापाचं कापड पाठवायची आपल्याकडे पद्धत आहे. अंगाला नीट बसणारा एक जुना कपडा द्यायचा, त्यावरून नवा शिवायचा, आणि नव्याबरोबर जुना परत करायचा. दिलावरभाई टेप लावू देणार नाहीत, म्हणून गुलाबभाईंनी मला गळ घातली. माझी बहीण साताऱ्याला असते, महिन्याच्या पहिल्या शनिवारी मी तिच्याकडे जातेच. "भाभीकडनं दादाचा एक सदरा आना. मापाला."

मी गेले. दिलावरभाई आत झोपले होते; भाभींनी दोरीवरचा एक सदरा काढून दिला. कॉलर विरलेली, खिशाला शाईचा डाग, कोपराला विटलेला. रोज तोच घालतात, म्हणाल्या. असला कळकट सदरा पिशवीत घालून न्यायला मला कसंतरीच वाटलं. मी म्हटलं, "अहो, एखादा चांगला, इस्त्रीचा द्या ना." त्यांनी कपाटातून घडी केलेला, पांढराशुभ्र सदरा दिला. मी तो वर्तमानपत्रात नीट गुंडाळून आणला. फार व्यवस्थित काम केलं, असंही मला वाटलं.

गुलाबभाईंनी त्या सदऱ्यावरून गिटारीचं पोट कोरलं. मापाच्या जुन्या वहीत कोटाच्या वेळचं दिलावरभाईंचं पान होतं, छाती बेचाळीस. सदराही बेचाळीसच भरला. "दादा हाय तसाच हाय," ते खुशीत म्हणाले. मात्र कोरायच्या आधी मला म्हणाले, "कापडात माया सोडता येती, बाई, शिवणीआत दोन बोटं जादा. चुकलं तर उसवायचं. हे कापलं की कापलं." आणि कोरलं.

गेल्या जानेवारीत आम्ही दोघं एसटीनं साताऱ्याला निघालो. मी बरोबर हवी, हा त्यांचा हट्ट. "तुमी आसला तर दादा वरडायचा न्हाई. मास्तरणीपुढं कोन वरडत न्हाई." गिटार अस्तराच्या कापडाच्या खोळीत, मांडीवर. उंब्रजच्या पुढे कंडक्टरनं विचारलं, "काय हाय हे, चाचा?" ते म्हणाले, "भावाचा कोट." कंडक्टरनं खोळीकडे बघितलं, त्यांच्याकडे बघितलं आणि पुढे गेला.

दिलावरभाई दारातच उभे होते. मी त्यांना पहिल्यांदा पाहत होते. गुलाबभाई ऑपरेशननंतर अनेकदा येऊन गेले होते, पण प्रत्येक वेळी दिलावरभाई शालीत किंवा पांघरुणात. आज अंगात तो दोरीवरचा सदरा होता. कॉलर विरलेली, खिशाला शाईचा डाग. तो त्यांना बरोबर बसला होता. मी नेलेला पांढरा सदरा या अंगावर झुलला असता. गुलाबभाईंनीही काखेकडे बघितलं आणि जागीच थांबले.

खोळ काढली. मोरपंखी रंग खिडकीच्या उजेडात झळकला. दिलावरभाई तिच्याकडे बघतच राहिले.

"गुलाब, हा तर कोटाचा रंग."

"तुकडा ठेवला हुता."

"तू बनवलीस?"

"शिवली. घालून बग."

त्यांनी पट्टा गळ्यात घातला. भाभी दारात येऊन उभ्या राहिल्या. आणि सगळ्यांनाच दिसलं. बेचाळीसच्या पोटासाठी कोरलेली ती खोलगट जागा आणि दिलावरभाईंचं खंगलेलं अंग, यांच्यामधे माझा अख्खा पंजा मावला असता. गिटार वरच्या कडेवर टेकली होती. ती कड बरोबर टाक्यांवर. त्यांनी ओठ आवळले, पट्टा काढला आणि ती पलंगावर ठेवली.

मग गुलाबभाई म्हणाले, "मला मापच घेता येत न्हाई, दादा. तवाबी न्हाई, आत्ताबी न्हाई."

मी उभी राहिले. वर्गात मुली उभ्या राहायच्या तशीच. "चूक माझी आहे," मी म्हटलं. "भाभी हाच सदरा देत होत्या. मी इस्त्रीचा मागितला."

"तो ऑपरेशनच्या आधीचा," भाभी हळू आवाजात म्हणाल्या. "त्यानंतर अंगाला लावलाच न्हाई."

गुलाबभाईंनी माझ्या पिशवीतून तो पांढरा सदरा घेतला. मापाचं कापड, परत करायला आणलेलं. त्याची चौघडी केली, आणखी एकदा दुमडली, गिटारीच्या पोटात ठेवून बघितली. मग टोपीतली सुई काढली, पलंगावर मांडी घातली आणि त्या घडीला चारी कडांनी धावदोरा घातला. दोन कोपऱ्यांना बंद शिवले. एक वरच्या शिंगाला बांधला, म्हणजे काखेला, आणि एक खालच्या. दहा मिनिटं लागली असतील. त्या दहा मिनिटांत दिलावरभाई भावाच्या हाताकडे बघत होते, आणि मी दिलावरभाईंकडे.

दिलावरभाईंनी परत पट्टा घातला. सदऱ्याची घडी त्यांच्या छातीशी, टाक्यांवर, मऊ टेकली. उजवा हात आपोआप उतरत्या कडेवर आला. भाभींनी कोपऱ्यातल्या जुन्या अँप्लिफायरवरची फुलदाणी उचलली, त्यावरचा विणलेला रुमाल काढला. दिलावरभाईंनी वायर खोचली. बटणावर बोट ठेवलं, पुढे केलं, मागे केलं आणि दोन जागांच्या मधे आणून ठेवलं.

ते काय होतं हे मी सांगू शकत नाही. मी इंग्रजी शिकवलं, संगीत नाही. घंटेच्या आत पाणी असतं, तर ती तशी वाजली असती. भाभी दाराची चौकट धरून खाली बसल्या.

गुलाबभाईंनी माझ्याकडे झुकून विचारलं, "चांगलं वाजतंय का, बाई?"

"फार चांगलं."

"मला न्हाई कळत," ते म्हणाले. "पन काखंत ओढत न्हाई. बगा तुमी."

वाजवणं थांबलं. दिलावरभाईंनी तारांवर हात ठेवला आणि खिडकीकडे बघत म्हणाले, "त्या कोटाच्या वेळी मी अंग चोरून उभा होतो, गुलाब. स्टेजवर बारीक दिसावं म्हणून. तुला सांगितलं नाही."

"ठाऊक हाय."

"ठाऊक आहे? कधीपासून?"

"माप घेतानाच. मला वाटलं, थोरला हाय, कसं सांगायचं."

दिलावरभाई हसायला लागले. हसता हसता त्यांना छातीला हात लावावा लागला. मग त्यांनी गिटार काढून अलगद पलंगावर ठेवली, खोलीच्या मधोमध येऊन उभे राहिले आणि दोन्ही हात बाजूला उचलले.

"ले. माप ले."

गुलाबभाईंनी गळ्यातला टेप काढला. नेहमीप्रमाणे खिडकीबाहेर बघत थांबले. फार थांबावं लागलं नाही. दिलावरभाई घरात उभे असतात तसेच उभे होते.

मी पिशवीतून वही आणि पेन्सिल काढली. माप घेणारा सांगतो, दुसऱ्यानं लिहायचं असतं. गुलाबभाईंनी टेप काखेखालून फिरवला, पुढे टाक्यांवर हलकेच जुळवला आणि म्हणाले, "छाती."

पुढचा आकडा येईना. मी वाट बघितली. त्यांचा अंगठा टेपवर होता आणि मान खाली.

शेवटी दिलावरभाईंनीच मान वाकवून, हात तसेच उचललेले ठेवून, स्वतःच्या छातीवरचा आकडा वाचला.

"छत्तीस," ते म्हणाले. "लिहा, बाई."

मी लिहिलं.